दोघांची पहिली अमेरिकावारी: शिकागो सावकाश पाहण्यासाठी

मराठी घरांतून अमेरिकेला जाणे बहुधा दोन वाटांनी होते. मुलगा किंवा मुलगी तिथे असते म्हणून लोक जातात, नाहीतर पर्यटन कंपनीबरोबर पंधरवड्यात दोन्ही किनारे पाहून येतात. नवराबायकोने दोघांनीच एखादे मोठे शहर निवडावे, तिथे आठवडाभर राहावे आणि आपल्या पायांनी ते पाहावे, ही तिसरी वाट अवघड आहे असा समज आहे. हा समज खरा नाही, आणि पहिल्या सहलीसाठी हीच वाट मला सर्वांत समाधानाची वाटते, मात्र त्यासाठी एक नियम आधीच मान्य करावा लागतो: एकच शहर, एकच हॉटेल आणि दिवसाला एकच मोठे ठिकाण.

या नियमाला शिकागो फार चांगले जुळते. विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत थेट रेल्वे आहे, मध्यवर्ती भाग पायी फिरण्यासारखा आहे, मिशिगन सरोवराचा काठ जवळजवळ सगळाच लोकांसाठी मोकळा आहे आणि हॉटेलांचे दर सहसा न्यूयॉर्कपेक्षा कमी असतात. शिवाय १८७१ च्या आगीत मध्यभाग जळाल्यावर हे शहर नव्याने उभे राहिले, आणि १८८५ मध्ये पोलादी सांगाड्याची पहिली उंच इमारत इथेच झाली असे सहसा मानले जाते. ती इमारत १९३१ मध्ये पाडली गेली, पण तिच्यानंतरचा सारा इतिहास रस्त्यावर उभा राहून वाचता येतो.

कधी जावे आणि किती दिवस

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत किंवा सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जावे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा उबदार असते, पण गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. डिसेंबर ते मार्च या काळात तापमान अनेकदा शून्याखाली जाते, सरोवरावरचा वारा अंगाला झोंबतो आणि नदीतल्या बहुतेक नौकाफेऱ्या बंद असतात, त्यामुळे पहिल्या सहलीसाठी हिवाळा टाळलेलाच बरा. दोन्ही चांगल्या हंगामांत निवड करायची झाल्यास मी सप्टेंबर सांगेन, कारण तोपर्यंत सरोवराचे पाणी बऱ्यापैकी तापलेले असते आणि शाळा सुरू झाल्याने मुलाबाळांची गर्दी ओसरते. ज्यांना लांबलचक संध्याकाळ हवी आहे त्यांनी जून निवडावा, त्या महिन्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो.

प्रवासाचे दिवस सोडून शहरासाठी पूर्ण पाच दिवस हाताशी असावेत, सहा असतील तर उत्तम. त्याहून कमी दिवसांत इतक्या लांबच्या प्रवासाचा शीण भरून येत नाही. नायगारा किंवा वॉशिंग्टन याच सहलीत उरकून घेण्याचा आग्रह नातेवाईक धरतील, तो प्रेमाने बाजूला ठेवावा.

व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट नाही

पर्यटनासाठी बी-१/बी-२ हा व्हिसा लागतो. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज दोघांनी स्वतंत्र भरायचा असतो, पण मुलाखतीची वेळ ठरवताना एकाच खात्यात दोघांची नावे घालून एकत्र वेळ घेता येते. अर्जाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे, ते परत मिळत नाही, आणि शुल्काचे नियम बदलत असल्याने भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पाहूनच रक्कम पक्की करावी. मुंबईहून अर्ज करणाऱ्यांना दोन फेऱ्या कराव्या लागतात: आधी बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी अर्जकेंद्रात, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीला. दूतावासात मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो हॉटेलात किंवा बरोबर आलेल्या माणसाकडे ठेवण्याची सोय आधीच करावी. मुलाखतीच्या तारखा कधीकधी अनेक महिने लांबच्या मिळतात, तेव्हा सहलीच्या वर्षभर आधी अर्जाला हात घालणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडच्या जोडप्यांची खरी अडचण नावाची असते. पत्नीचे पारपत्र माहेरच्या नावाचे, आधार कार्ड सासरच्या नावाचे आणि बँकेत तिसरेच काही, असे अनेक घरांत असते. नियम सरळ आहे: अर्ज, विमानाचे तिकीट, प्रवासविमा आणि हॉटेलची नोंदणी ही सगळी पारपत्रावर जसे नाव आहे अगदी तशीच करावी, मधले नाव आणि आडनाव यांच्या जागांसह. लग्नानंतर नाव बदललेले असेल, तर आधीचे नाव अर्जातल्या त्या प्रश्नाखाली अवश्य लिहावे आणि विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवावा. पारपत्र बदलायचे असेल तर ते काम अर्जाआधी पूर्ण करावे, मध्यावर करू नये.

मुलाखत सहसा दोन-तीन मिनिटांची असते. कशासाठी जाता, किती दिवस, खर्च कोण करणार, इकडे काय करता, एवढेच प्रश्न बहुधा येतात. उत्तरे खरी, लहान आणि दोघांची एकमेकांशी जुळणारी असावीत, आणि त्यासाठी सहलीचा बेत दोघांनाही ठाऊक असला पाहिजे. फक्त नवऱ्याला माहीत आहे असे होऊ नये. इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटत असेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची विनंती करता येते. व्हिसा मिळेपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

विमान आणि पहिला विमानतळ

मुंबई किंवा पुण्याहून निघणाऱ्यांना बहुधा दिल्लीत, आखाती देशात किंवा युरोपात विमान बदलावे लागते. दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, म्हणजे पहिले विमान उशिरा पोचले तरी पुढची व्यवस्था विमान कंपनीला करावी लागते. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत ज्या शहरात तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशनची तपासणी होते, तिथेच बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी त्या पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून न्यूयॉर्कमार्गे जाण्यापेक्षा परदेशातून थेट शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरणारे विमान सोयीचे पडते. अबू धाबीमार्गे गेल्यास ही अमेरिकी तपासणी अबू धाबीतच उरकते आणि शिकागोला आपण देशांतर्गत प्रवाशांप्रमाणे बाहेर पडतो.

मुक्काम कुठे करावा

लूप हा शहराचा जुना गाभा, नदीच्या उत्तरेचा रिव्हर नॉर्थ आणि मिशिगन अॅव्हेन्यूचा परिसर, या तीन भागांतच हॉटेल घ्यावे. विमानतळाजवळचे किंवा उपनगरातले हॉटेल स्वस्त दिसते, पण रोज जाण्यायेण्यात दोन तास जातात, आणि दुपारी खोलीवर येऊन तासभर पडण्याचे सुख, जे वेळेच्या फरकाने थकलेल्या शरीराला पहिल्या दिवसांत फार गरजेचे असते, ते गमवावे लागते. हंगामात बऱ्यापैकी खोलीला रात्रीचे २०० डॉलर किंवा अधिक पडतील असे धरून चालावे. संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरात कर धरलेला नसू शकतो. शिकागोत हॉटेलवरचा कर १७ टक्क्यांहून अधिक आहे, आणि काही हॉटेले सोयींच्या नावाखाली रोजचे वेगळे शुल्कही लावतात. नोंदणी करताना अंतिम रक्कम दाखवणारे पान पाहूनच तुलना करावी. हॉटेलात शिरताना ते क्रेडिट कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात, ती निघाल्यावर काही दिवसांनी सुटते.

शाकाहारी जोडप्यांनी खोलीत लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असलेले हॉटेल शोधावे. तिथे फोडणी, उदबत्ती किंवा निरांजन मात्र नको, कारण धुराचा इशारा देणारी यंत्रे अतिशय संवेदनशील असतात आणि एका उदबत्तीने सारे हॉटेल रस्त्यावर येऊ शकते.

बॅगेत काय, कुठे आणि किती

तिथली वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या असतात. मोबाइलचा चार्जर साध्या अडॅप्टरवर चालतो, परंतु आपली पाण्याची किटली किंवा इस्त्री तिथे नीट तापत नाही, ती नेऊ नये. सुकी आणि बंद पाकिटातली फराळाची वस्तू, म्हणजे चिवडा, चकली, खाकरा, मेतकूट, नेता येते. ताजी फळे, कढीपत्ता, मांस आणि बिया नेऊ नयेत. तांदूळ आणि हरभरेही प्रवाशाच्या सामानातून भारतातून नेण्यास मनाई आहे, कारण धान्याला लागणारा खापरा भुंगेरा तिकडे पोचू नये यासाठी तो देश फार जागरूक असतो. जे काही खाण्याचे नेले असेल ते विचारल्यावर मोकळेपणाने सांगावे. सांगितलेल्या वस्तूपायी फार तर ती वस्तू जाते, लपवलेल्या वस्तूपायी दंड होतो. भाजणी, मसाले, सत्तू अशी पूड ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक असेल तर ती केबिनच्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत घालावी. रोख दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असल्यास जाहीर करावी लागते, आणि ही मर्यादा एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची मिळून धरली जाते.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि दोघांच्या केबिन बॅगांत वाटून ठेवावीत. प्रवासविम्याशिवाय या देशात पाऊल ठेवू नये. तिथे इस्पितळाच्या साध्या भेटीचेही बिल मोठे होते. आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तो विम्यात धरलेला आहे की नाही हे लेखी पाहावे.

कपड्यांबाबत एवढेच सांगेन की बूट नवे नकोत. महिनाभर पायात मुरलेले बूट आणि सप्टेंबरमध्येही एक वारा अडवणारे जाकीट, यांवर अर्धी सहल अवलंबून असते.

ओहेअरला उतरल्यावर

इमिग्रेशनच्या खिडकीशी नवराबायको एकत्र जाऊ शकतात. हॉटेलचा पत्ता आणि परतीच्या तिकिटाची प्रत कागदावर हाताशी ठेवावी. सहसा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. तिची नोंद आय-९४ या ऑनलाइन अभिलेखात असते, ती पुढच्या एकदोन दिवसांत पाहून घ्यावी.

आंतरराष्ट्रीय विमाने बहुधा ५ क्रमांकाच्या टर्मिनलवर येतात. तिथून विमानतळाच्या आतली विनामूल्य गाडी बाकीच्या टर्मिनलांकडे नेते आणि त्यांच्या खाली ब्लू लाइनचे स्थानक आहे. ब्लू लाइनची ही रेल्वे चोवीस तास चालते आणि सुमारे पाऊण तासात लूपमध्ये पोचवते. यंत्रातून भाड्यासाठीचे व्हेंट्रा कार्ड घेता येते किंवा स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड फाटकावर टेकवता येते. ओहेअरहून निघताना नेहमीपेक्षा जास्त भाडे पडते, तरी ते टॅक्सीच्या मानाने किरकोळ असते. चार मोठ्या बॅगा असतील किंवा रात्रीचे अकरा वाजले असतील, तर मात्र टॅक्सी किंवा अॅपवरची गाडीच घ्यावी. पुढच्या दिवसांसाठी तीन किंवा सात दिवसांचा पास दोघांनी आपापला घ्यावा, कारण एका पासवर दोघांना जाता येत नाही.

तिथली वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकरा तास. पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नये. जवळच्या सरोवरकाठी जाऊन यावे, हलके खावे आणि नऊपर्यंत डोळे उघडे ठेवून मग झोपावे. पहाटे तीनला जाग येईलच. तेव्हा बरोबरचा चिवडा आणि खोलीतला चहा कामी येतो, आणि उजाडल्यावर सरोवरातून वर येणारा सूर्य पाहायला जाता येते, कारण इथला काठ पूर्वेला आहे.

दिशा कळली की शहर कळले

शिकागोचे रस्ते चौकटीत आखलेले आहेत. स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांची चौफुली म्हणजे शून्य; तिथून चारही दिशांना घरक्रमांक वाढत जातात आणि साधारण आठशे क्रमांक म्हणजे एक मैल. सरोवर नेहमी पूर्वेला. या दोन गोष्टी डोक्यात बसल्या की मोबाइल बंद पडला तरी माणूस हरवत नाही. नदीकाठचा वॅकर ड्राइव्ह मात्र दोन-तीन मजल्यांचा रस्ता आहे आणि तिथे नकाशाचे अॅप गोंधळते; अॅपवरची गाडी बोलावताना वरच्या रस्त्यावर उभे आहोत की खालच्या, हे चालकाला सांगावे. इमारतींत पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिले दोन दिवस: नदी, उद्यान, कलासंग्रहालय

पहिल्या सकाळी मिलेनियम पार्क उघडताच तिथे पोचावे. २००४ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात क्लाउड गेट हे चकचकीत शिल्प आहे, ज्याला सारे शहर घेवड्याच्या आकारावरून ‘बीन’ म्हणते. अनीश कपूर हे त्याचे शिल्पकार, जन्म १९५४ सालचा आणि मुंबईचा. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून ते केले आहे आणि कुठेही सांधा दिसत नाही. लोक बाहेरून छायाचित्र काढून परततात. त्याच्या कमानीखाली जाऊन वर पाहावे, तिथे आपली प्रतिबिंबे ताणली जातात, वळतात, अनेक होतात. सकाळच्या शांततेत दहा मिनिटे तिथे उभे राहिल्याने हे काम किती विचारपूर्वक झाले आहे ते उमगते.

तिथून चालत नदीवर जावे आणि सकाळची वास्तुकलेची नौकाफेरी घ्यावी. संपूर्ण सहलीत एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत. शिकागो आर्किटेक्चर सेंटरची फेरी दीड तासाची असते, प्रशिक्षित स्वयंसेवक माहिती सांगतात आणि माणशी ५० डॉलरहून अधिक तिकीट पडते. शनिवार-रविवारसाठी आधीच काढून ठेवावे. मक्याच्या कणसांसारखे दिसणारे मरिना सिटीचे जुळे मनोरे आणि त्यांचे मोटारी ठेवण्याचे खालचे मजले, १९३० चे प्रचंड मर्चंडाइज मार्ट, नदीच्या वळणाबरोबर वळलेली १९८३ ची हिरव्या काचेची इमारत, हे सगळे पाण्यावरून जसे कळते तसे रस्त्यावरून कळत नाही. ही नदीसुद्धा माणसाने उलटी वळवलेली आहे. शहराचे सांडपाणी सरोवरात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात जात होते, म्हणून कालवा खोदून १९०० मध्ये तिचा प्रवाह सरोवरापासून दूर फिरवला गेला.

दुपारी डोळे मिटू लागतील. खोलीवर जाऊन तासभर झोपावे, त्याहून जास्त नाही, आणि नंतर शिकागो कल्चरल सेंटरमध्ये जावे. १८९७ ची ही इमारत मुळात शहराचे ग्रंथालय होती, प्रवेश विनामूल्य आहे आणि आतला टिफनी काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट बघून थकवा विसरायला होतो.

दुसरा दिवस आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाचा. ते सहसा मंगळवारी आणि बुधवारी बंद असते, त्यामुळे सगळा बेत आखताना हे वार आधी पाहावेत. मराठी माणसाला या इमारतीचे वेगळे महत्त्व आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत जे भाषण केले ते याच इमारतीत. त्यासाठी उभारलेले तात्पुरते सभागृह आता नाही, पण समोरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचे मानाचे नाव दिलेले आहे. मुंबईचे कलावंत जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये त्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर विजेच्या दिव्यांनी उमटवले होते. जिन्याशी क्षणभर थांबावे.

आत किमान तीन तास द्यावेत, चार उत्तम. सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नये. सरा या फ्रेंच चित्रकाराचे ठिपक्यांनी रंगवलेले विस्तीर्ण नदीकाठचे चित्र, हॉपरचे १९४२ चे ‘नाइटहॉक्स’, ग्रँट वुडचे १९३० चे ‘अमेरिकन गॉथिक’ आणि शागालच्या निळ्या काचेच्या खिडक्या ही चार ठिकाणे आधी गाठावीत. नंतर तळाच्या मजल्यावरच्या थॉर्न यांच्या छोट्या खोल्या पाहाव्यात. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या त्या ६८ हुबेहूब लघुप्रतिकृती पाहायला विशेष असे चित्रकलेचे ज्ञान लागत नाही आणि त्या कुणालाही रमवतात. एकाला चित्रांची आवड आहे आणि दुसऱ्याला नाही, असे जोडप्यांत नेहमीच असते. अशा वेळी दीड तासानंतर भेटण्याची जागा आणि वेळ ठरवून खुशाल वेगळे व्हावे. दोघांनाही त्या जागेचा अधिक आनंद मिळतो. संध्याकाळी ग्रँट पार्कमधून चालत १९२७ च्या बकिंगहॅम कारंज्यापर्यंत जावे, ते मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू असते.

तिसरा दिवस: उंची

मिशिगन अॅव्हेन्यूवर पुलापासून उत्तरेकडे चालू लागावे. १९२५ च्या ट्रिब्यून टॉवरच्या भिंतीत जगभरच्या प्रसिद्ध वास्तूंचे दगड बसवले आहेत, त्यात ताजमहालाचाही आहे. तो शोधण्यात पंधरा मिनिटे मजेत जातात. पुढे १८६९ चा वॉटर टॉवर लागतो, जो १८७१ च्या आगीतून वाचला. आणखी उत्तरेला बसने गेल्यास लिंकन पार्कचे प्राणिसंग्रहालय आणि काचघर आहे, दोन्ही विनामूल्य.

उंचावरून शहर पाहण्याच्या दोन जागा आहेत, आणि एकच निवडावी. विलिस टॉवर ४४२ मीटर उंच आहे, त्याच्या १०३ व्या मजल्यावर काचेच्या कोनाड्यांत उभे राहता येते. पूर्वीचे जॉन हॅनकॉक सेंटर बुटके आहे, तिथला सज्जा ९४ व्या मजल्यावर आहे. दोन्हींच्या रचनेमागे एकाच अभियंत्याची बुद्धी होती: ढाक्यात जन्मलेले फजलुर रहमान खान. इमारतीचा भार बाहेरच्या नळीसारख्या सांगाड्यावर पेलण्याची त्यांची कल्पना आजही जगभरच्या उंच इमारतींत वापरली जाते. मी ९४ वा मजला सुचवेन, कारण तिथून सरोवराचा काठ, वाळूचे किनारे आणि खुद्द विलिस टॉवर अशी सगळी दृश्ये एकत्र मिळतात. सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी, म्हणजे उजेड, संधिप्रकाश आणि दिवे एकाच तिकिटात पाहता येतात. आकाश ढगाळ असेल तर बेत पुढे ढकलावा, आणि यासाठीच या जागेचे तिकीट फार आधी काढू नये.

चौथा आणि पाचवा दिवस: आवडीप्रमाणे

इथे दोघांनी एकेक दिवस आपला म्हणून मागून घ्यावा. विज्ञानाची ओढ असलेल्याने हाइड पार्क घ्यावे. मिलेनियम स्टेशनहून मेट्रा या उपनगरी रेल्वेची इलेक्ट्रिक गाडी तिकडे जाते. तिथले विज्ञान आणि उद्योग संग्रहालय १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातल्या कलादालनाच्या इमारतीत आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी तिथे प्रत्यक्ष पाहता येते. जवळच प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचे १९१० चे रोबी हाउस आहे. ज्याला घरे आणि बागा आवडतात त्याने ग्रीन लाइनने ओक पार्कला जावे, राइट यांचे स्वतःचे घर व कार्यशाळा आणि १९०८ चे युनिटी टेंपल पाहावे. रोबी हाउस आणि युनिटी टेंपल २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. डायनासोर आणि मासे पाहायचे असतील तर सरोवरकाठी फील्ड म्युझियम आणि शेड मत्स्यालय शेजारी शेजारी आहेत, पण दोन्ही एका दिवसात करू नयेत.

सगळी तिकिटे एकत्र मिळणारा सिटीपास त्यातली बहुतेक ठिकाणे खरोखर पाहणार असाल तरच परवडतो. या लेखात सांगितल्याप्रमाणे सावकाश फिरणाऱ्यांना सुटी तिकिटेच स्वस्त पडतील.

खाणे आणि डेव्हन

बीफ न खाणाऱ्यांनी इथे विशेष जागरूक राहावे, कारण शिकागोचा प्रसिद्ध हॉट डॉग बीफचाच असतो आणि ‘इटालियन बीफ’ नावाचे सँडविच जागोजागी दिसते. पेपरोनी म्हणजे मिरची असा गैरसमज नसावा, ते मांस आहे. सूप आणि भात यांतही मांसाचा रस असू शकतो, म्हणून केवळ शाकाहारी असे न म्हणता मांस, मासे, कोंबडी आणि त्यांचा रस यांपैकी काही नको असे सविस्तर सांगावे. पालकाचा जाड डीप-डिश पिझ्झा शाकाहारी मिळतो. तो भाजायला पाऊण तास लागतो आणि लहान आकारातला एक दोघांना पुरतो. पाणी मागितले की बर्फ घालूनच येते. नको असेल तर आधी सांगावे.

घरच्या जेवणाची आठवण चौथ्या दिवशी हमखास येते. तेव्हा रेड लाइनने लोयोला स्थानकापर्यंत आणि तिथून १५५ क्रमांकाच्या बसने डेव्हन अॅव्हेन्यूला जावे. भारतीय किराणा, मिठाई, दोशाची उपाहारगृहे यांनी हा रस्ता भरलेला आहे. पटेल ब्रदर्स या आज देशभर पसरलेल्या किराणा दुकानांची सुरुवात १९७४ मध्ये इथेच झाली. शिकागोत महाराष्ट्र मंडळही जुने आणि उत्साही आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत गेल्यास त्यांच्या कार्यक्रमाची तारीख जरूर पाहावी, मात्र असे कार्यक्रम बहुधा उपनगरांत असल्याने जाण्यायेण्यासाठी गाडीची सोय लागते.

पैसे आणि सुरक्षितता

किमतीच्या चिठ्ठीवर कर लिहिलेला नसतो. विक्रीकर १० टक्क्यांहून अधिक आहे, उपाहारगृहांत थोडा अधिक, आणि बसून जेवल्यास १८ ते २० टक्के टीप अपेक्षित असते, त्यामुळे २० डॉलरचे जेवण प्रत्यक्षात २६ डॉलरना पडते. बिलात टीप आधीच धरलेली आहे का ते पाहावे. काउंटरवरून उचललेल्या कॉफीला टीप देणे बंधनकारक नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोघांनी वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावीत, म्हणजे एक पाकीट हरवले तरी सहल थांबत नाही. त्याचप्रमाणे हॉटेलचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि पारपत्राची प्रत दोघांच्याही जवळ असावी, आणि मोबाइलचे इंटरनेट दोघांनी स्वतंत्र घ्यावे. एकाच्या फोनवर दोघे अवलंबून राहिले की गर्दीच्या स्थानकात ताटातूट होताच घबराट होते.

या लेखातले भाग दिवसा आणि संध्याकाळी वर्दळीचे असतात. रात्री उशिरा रिकाम्या डब्यात बसू नये, चालकाजवळचा पहिला डबा धरावा, आणि दहानंतर दोघांनी खुशाल गाडी बोलवावी. आपत्तीचा क्रमांक ९११. सार्वजनिक स्वच्छतागृहे रस्त्यावर जवळजवळ नसतात. कल्चरल सेंटर, हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय आणि संग्रहालये यांचा उपयोग करून घ्यावा.

परतीचा दिवस

खोली सहसा सकाळी अकराला सोडावी लागते, पण हॉटेले सामान संध्याकाळपर्यंत सांभाळतात. त्या दिवशी नवे ठिकाण घेऊ नये. लूपमधल्या उन्नत रेल्वेत बसून १८९७ पासूनची ती चौकोनी फेरी एकदा मारावी आणि त्या काळाच्या रूपात जपलेल्या क्विन्सी स्थानकावर उतरून पाहावे. विमानाच्या किमान साडेतीन तास आधी ओहेअरला पोचावे, आणि संध्याकाळी चार ते सात या वेळेत रस्त्याने न जाता ब्लू लाइननेच जावे, कारण महामार्ग त्या वेळी तुंबलेला असतो. अमेरिकेतून बाहेर पडताना पारपत्रावर शिक्का मिळत नाही, त्यामुळे शिक्क्यासाठी कुठली खिडकी शोधत बसू नये. निघाल्याची नोंद विमान कंपनीच्या माहितीवरून होते. बोर्डिंग पासची प्रत मात्र घरी पोचल्यावरही काही महिने जपून ठेवावी, पुढच्या वेळी आय-९४ च्या नोंदीत काही चूक आढळली तर तोच पुरावा लागतो.